हवेच्या घटकांचा शोध

हवेच्या घटकांचा शोध : पृथ्वीभोवतालची हवा हे एकच मूलद्रव्य नसून अनेक वायूंचे मिश्रण आहे, हे सिद्ध करणाऱ्या प्रयोगांचा इतिहास. हे ज्ञान सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सु. अडीचशे वर्षांत, टप्प्याटप्प्याने प्राप्त झाले. पहिल्या टप्प्यात हवा हे मूलद्रव्य नाही हे ठरले आणि ज्वलनाचा खरा अर्थ कळला. दुसऱ्या टप्प्यात हवेत शतकभर कोणाच्याही लक्षात न आलेले अक्रिय वायू सापडले. दोन्ही टप्प्यांत निर्णायक ठरला तो वजनाचा व घनफळाचा काटेकोर हिशेब. नवा वायू प्रथम पाहणाऱ्याला त्याचा अर्थ कळलाच असे नाही. हिशेबात उरणारी लहानशी शिल्लक ज्यांनी सोडून दिली नाही, त्यांच्याकडून हवेचे स्वरूप उलगडले. या इतिहासातील दुसऱ्या टप्प्याचा एक धागा दक्षिण कोकण, जमखंडी व विजापूर या प्रदेशाशी जोडलेला आहे.

प्राचीन कल्पना : भारतीय परंपरेत पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश ही पंचमहाभूते मानली जातात. वैशेषिक दर्शनाच्या नऊ द्रव्यांत वायूचा समावेश असून स्पर्श हा त्याचा विशेष गुण मानलेला आहे. वायू डोळ्यांना दिसत नसला, तरी स्पर्शावरून त्याचे अनुमान करता येते, असे या दर्शनाचे प्रतिपादन आहे. आयुर्वेदात शरीरातील वायूचे प्राण, अपान, व्यान, उदान व समान असे पाच भेद सांगितले आहेत. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटल यांनी पृथ्वी, जल, वायू व अग्नी ही चार मूलतत्त्वे मानली. या सर्व विचारांत हवा ही मूळचीच एक व अविभाज्य वस्तू होती. तिचे गुण वर्णिले गेले; परंतु तिचे घटक वेगळे करता येतील, हा प्रश्नच त्या चौकटीत उद्‌भवत नव्हता.

निर्वात पंप : हवेला वजन व दाब आहे, हे १६४३–४४ च्या सुमारास एव्हांजेलीस्ता तोररिचेल्ली यांच्या पाऱ्याच्या नळीवरील प्रयोगाने स्पष्ट झाले. त्यानंतर मॅग्डेबर्ग येथील ओटो फोन गेरिक यांनी बंद पात्रातील हवा उपसून काढणारा पंप तयार केला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल (१६२७–९१) यांनी रॉबर्ट हुक यांच्या साहाय्याने या पंपात सुधारणा केली आणि त्यावरील प्रयोग १६६० मध्ये प्रसिद्ध केले. हवा काढून घेतलेल्या काचपात्रात ज्योत विझते, प्राणी मरतो व घंटेचा नाद ऐकू येईनासा होतो, असे त्यांना आढळले. ज्योत व जीव या दोहोंनाही हवा लागते, ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची होती. मात्र ती आता प्रयोगाने दाखवता येऊ लागली.

हवा उपसण्याची ही कला आज फार पुढे गेली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. या वेधशाळेच्या प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन नळ्या जवळजवळ निर्वात ठेवाव्या लागतात, कारण हवेचे उरलेसुरले रेणूही लेसर किरणांच्या मापनात व्यत्यय आणतात. अमेरिकेतील अशाच वेधशाळांमध्ये नळ्यांतील दाब वातावरणीय दाबाच्या सु. एक लक्ष कोट्यंशाइतका कमी ठेवला जातो.

बॉइल यांच्यानंतर ऑक्सफर्डचे जॉन मेयो यांनी १६७४ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. पाण्यावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या हंडीत मेणबत्ती जळली किंवा उंदीर श्वास घेत राहिला, तर आतील हवेचे घनफळ घटते आणि उरलेल्या हवेत ज्योत किंवा जीव टिकत नाही. हवेचा काही भागच ज्वलनाला व श्वसनाला उपयोगी पडतो, हा निष्कर्ष त्यातून जवळजवळ हाती आला होता. तथापि तो भाग वेगळा काढण्याचे साधन मेयो यांच्यापाशी नव्हते. त्यांचे अकाली निधन झाले व पुढे सु. शंभर वर्षे या निरीक्षणाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

वायूंचे भिन्नत्व : ‘गॅस’ हा शब्द फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्टा व्हान हेल्मॉंट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात योजला. कोळसा जळताना व मद्य आंबताना बाहेर पडणारा वायू सामान्य हवेपेक्षा निराळा आहे, असे त्यांचे मत होते. असा वायू साठवून तपासण्याची सोय इंग्रज धर्मोपदेशक स्टीव्हन हेल्झ (१६७७–१७६१) यांनी केली. पाण्याने भरलेले पात्र पाण्यातच उपडे धरून नळीवाटे आलेला वायू त्यात गोळा करण्याच्या त्यांच्या युक्तीचे वर्णन १७२७ मध्ये प्रसिद्ध झाले. हेल्झ यांनी अनेक पदार्थ तापवून त्यांतून निघणारे वायू मोजले. परंतु हे सारे वायू म्हणजे हवाच होय, अशी त्यांची समजूत असल्याने त्यांच्या गुणधर्मांतील फरक त्यांनी तपासले नाहीत.

हे फरक तपासण्याचे काम स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी केले. मॅग्नेशियम कार्बोनेट तापविल्यावर त्याचे वजन घटते, हे त्यांनी तराजूने दाखविले आणि ही घट त्यातून निघून जाणाऱ्या वायूमुळे होते, असे सिद्ध केले. हा वायू घनपदार्थात बद्ध असतो म्हणून त्यांनी त्यास ‘बद्ध हवा’ असे नाव दिले. त्यांचे हे संशोधन १७५६ मध्ये प्रसिद्ध झाले. चुन्याच्या निवळीत हा वायू सोडल्यास ती दुधाळ होते. माणसाच्या उच्छ्‌वासात, जळत्या कोळशाच्या धुरात व आंबणाऱ्या मद्यावरील हवेत तो असतो, हे ब्लॅक यांनी याच कसोटीने ओळखले. हाच आजचा कार्बन डाय-ऑक्साइड होय. सामान्य हवेपासून स्पष्टपणे वेगळा ओळखला गेलेला व वजनाच्या आधारे अभ्यासलेला हा पहिला वायू मानता येईल. हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) यांनी १७६६ मध्ये धातूंवर अम्लांची क्रिया करून मिळणाऱ्या ज्वालाग्राही वायूचे, म्हणजे हायड्रोजनाचे, असेच काटेकोर वर्णन केले.

फ्लॉजिस्टॉनचे युग : अठराव्या शतकात जर्मन वैद्य गेओर्ख एर्न्स्ट श्टाल (१६५९–१७३४) यांच्या फ्लॉजिस्टॉन सिद्धांताचा रसायनशास्त्रावर प्रभाव होता. या सिद्धांतानुसार प्रत्येक ज्वालाग्राही पदार्थात फ्लॉजिस्टॉन नावाचे तत्त्व असते आणि पदार्थ जळताना ते निघून जाते. धातू तापविल्यावर त्याचे भस्म होते, तेही फ्लॉजिस्टॉन गेल्यामुळे. या सिद्धांताने अनेक क्रियांचा एकाच सूत्राने उलगडा होत असे, म्हणूनच तो इतका काळ टिकला. त्यात अडचण एकच होती, ती म्हणजे भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा अधिक भरते. निघून गेलेल्या तत्त्वामुळे वजन कमी व्हावयास हवे. ही वाढ झां रे यांनी १६३० मध्येच कथिलाच्या बाबतीत नोंदविली होती व तिचे कारण हवा हेच असल्याचे म्हटले होते. बॉइल यांनाही ती माहीत होती. परंतु अग्नीचे कण काचेतून आत शिरल्याने वजन वाढते, असा त्यांचा तर्क होता.

या सिद्धांताच्या छायेतच हवेचे दोन्ही प्रमुख घटक हाती आले. ब्लॅक यांचे शिष्य डॅन्येल रदरफर्ड (१७४९–१८१९) यांनी १७७२ मध्ये बंदिस्त हवेत प्राण्याचा श्वास व ज्वलन होऊ दिले आणि निर्माण झालेली बद्ध हवा क्षाराच्या विद्रावात शोषून घेतली. तरीही बराच वायू उरला व त्यात ज्योत विझत होती. हा नायट्रोजन होय. मात्र ही फ्लॉजिस्टॉनाने भरलेली हवा आहे, असे रदरफर्ड यांनी मानले.

ऑक्सिजन दोघांनी स्वतंत्रपणे तयार केला. स्वीडनमधील औषधविक्रेते कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) यांनी सु. १७७१–७२ मध्ये अनेक पदार्थांपासून तो मिळविला व त्याला ‘अग्निहवा’ म्हटले. परंतु त्यांचे पुस्तक १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली (१७३३–१८०४) यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी मोठ्या बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. पुढील वर्षी त्यांनी या वायूत उंदीर ठेवला. तेवढ्याच सामान्य हवेत तो सु. पाव तास जगला असता. येथे तो अर्धा तास टिकला व बाहेर काढल्यावर पुन्हा सावध झाला. हा वायू इतका उत्तम का, याचे प्रीस्टली यांनी दिलेले उत्तर असे की, यात फ्लॉजिस्टॉन मुळीच नाही आणि म्हणून जळत्या पदार्थातील फ्लॉजिस्टॉन तो भराभर शोषून घेतो. त्यांनी त्याला ‘फ्लॉजिस्टॉनरहित हवा’ असे नाव दिले. मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याची डहाळी ठेवल्यास पुन्हा सुधारते, हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा शोधही प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये लावला होता. इतके कुशल प्रयोगकर्ते असूनही मृत्यूपर्यंत त्यांनी फ्लॉजिस्टॉन सोडला नाही.

लव्हॉयझर यांचा तराजू : आंत्वान लॉरां लव्हॉयझर (१७४३–९४) यांना गंधक व फॉस्फरस जळताना वजन वाढते, असे १७७२ मध्ये आढळले. १७७४ मध्ये त्यांनी पूर्ण बंद केलेल्या काचपात्रात कथील तापविले. कथिलाचे भस्म झाले, तरी पात्राचे एकूण वजन बदलले नाही. तोंड उघडताच बाहेरची हवा आवाज करीत आत शिरली व तेव्हा वजन वाढले. अग्नीचे कण काचेतून शिरतात हा बॉइल यांचा तर्क यामुळे निकालात निघाला. धातूने घेतले ते पात्रातील हवेतूनच घेतले होते. परंतु सगळी हवा घेतली की तिचा एखादा भाग, हे त्यांना अद्याप सांगता येत नव्हते. ऑक्टोबर १७७४ मध्ये प्रीस्टली पॅरिसला आले असता त्यांनी लव्हॉयझर यांना आपल्या नव्या वायूविषयी सांगितले. पुढे श्रेयाविषयी जो वाद झाला, त्याचे मूळ या भेटीत आहे.

त्यानंतर लव्हॉयझर यांनी केलेला बारा दिवसांचा प्रयोग रसायनशास्त्रातील अत्यंत प्रसिद्ध प्रयोगांपैकी एक आहे. लांब वाकड्या मानेच्या बकपात्रात त्यांनी ४ औंस पारा घेतला. बकपात्राची मान पाऱ्यावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या हंडीत उघडत होती. बकपात्र व हंडी यांत मिळून त्या काळच्या फ्रेंच मापांनुसार ५० घन इंच हवा होती. पारा उकळबिंदूच्या जवळ तापत ठेवल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यावर तांबडे कण दिसू लागले व बाराव्या दिवशी त्यांची वाढ थांबली. हवा ५० घन इंचांवरून ४२ ते ४३ घन इंचांवर आली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझली व प्राणी गुदमरले. तांबडे भस्म ४५ ग्रेन भरले. ते अधिक तापविल्यावर ४१.५ ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू मिळाला. या वायूत ज्योत झळाळून पेटली. हा वायू आधीच्या उरलेल्या हवेत मिसळल्यावर मूळ हवेसारखीच हवा पुन्हा तयार झाली.

या प्रयोगाचे बळ त्याच्या वर्तुळाकार रचनेत आहे. हवेचे विघटन झाले, काढलेला भाग पुन्हा मिळाला आणि त्या दोन भागांपासून हवा पुन्हा बनली. जमाखर्च दोन्ही बाजूंनी जुळला. त्यात फ्लॉजिस्टॉनसाठी जागा उरली नाही. प्रीस्टली व लव्हॉयझर यांनी एकाच तांबड्या भस्मातून एकच वायू मिळविला होता. एकाने त्यात काय नाही हे सांगितले, तर दुसऱ्याने तो वायू स्वतःच हवेचा एक घटक आहे, हे ओळखले. ज्वलन व श्वसन म्हणजे या घटकाशी होणारा संयोग, हे तत्त्व प्रस्थापित झाले आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लव्हॉयझर यांच्या ग्रंथाने आधुनिक रसायनशास्त्राची बैठक घातली गेली. करवसुलीच्या कंपनीतील भागीदारीमुळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ८ मे १७९४ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. प्रीस्टली यांचे बर्मिंगहॅम येथील घर व प्रयोगशाळा जमावाने १७९१ मध्ये जाळली होती. १७९४ मध्येच ते अमेरिकेत स्थलांतरित झाले.

वायूंची नावे : सर्व अम्लांत हा वायू असतोच, अशा समजुतीने लव्हॉयझर यांनी त्यास अम्ल उत्पन्न करणारा या अर्थी ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. हायड्रोक्लोरिक अम्लात ऑक्सिजन नाही, हे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले. परंतु नाव तोपर्यंत रूढ झाले होते. बंगालीत त्याचेच भाषांतर ‘अम्लजान’ असे झाले व त्याबरोबर मूळची चूकही त्या शब्दात आली. मराठीत रूढ झालेले ‘प्राणवायू’ हे नाव मात्र श्वसनातील कार्यावर आधारलेले असल्याने या दोषापासून मुक्त राहिले. आयुर्वेदातील प्राण हा शरीरस्थ वायू व रसायनशास्त्रातील प्राणवायू या मात्र भिन्न कल्पना आहेत. नायट्रोजनाला लव्हॉयझर यांनी निर्जीव या अर्थाचे ‘आझोत’ हे नाव दिले होते. सोऱ्यात असणारा म्हणून झां शाप्ताल यांनी १७९० मध्ये सुचविलेले नायट्रोजन हे नाव पुढे प्रचारात आले. मराठीतील ‘नत्रवायू’ हा शब्द याच अर्थाशी जुळणारा आहे.

मिश्रण की संयुग : हवेत दोन वायू आहेत, हे ठरल्यावर ते परस्परांशी रासायनिक रीत्या जोडलेले आहेत की नुसते मिसळलेले, हा प्रश्न राहिला. कॅव्हेंडिश यांनी वेगवेगळ्या दिवशी व ठिकाणी घेतलेल्या हवेचे अनेक नमुने तपासून १७८३ मध्ये असा निष्कर्ष काढला की, त्यातील ऑक्सिजनाचे प्रमाण जवळजवळ स्थिर, शेकडा २०.८३ आहे. आजचे मान शेकडा २०.९५ आहे. झोझेफ गे-ल्युसॅक यांनी १८०४ मध्ये बलूनमधून सु. ७,००० मी. उंचीवर जाऊन हवेचा नमुना आणला. त्यातही हेच प्रमाण आढळले. या स्थिरतेमुळे हवा संयुग असावी, असे काहींना वाटले. मात्र मिश्रणातील प्रत्येक वायू जणू एकटाच असल्याप्रमाणे आपला दाब देतो, या जॉन डाल्टन यांनी १८०१ मध्ये मांडलेल्या नियमाने मिश्रणाच्या मताला आधार मिळाला. घटक पुन्हा एकत्र केल्यावर उष्णता निर्माण होत नाही व ते संयोगाचे ठराविक प्रमाणही पाळत नाहीत, या गोष्टीही मिश्रणाकडेच निर्देश करतात.

कॅव्हेंडिश यांचा बुडबुडा : हवेतील नायट्रोजन एकजिनसी आहे काय, हे पाहण्यासाठी कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेत ऑक्सिजन मिसळून तीतून विजेच्या ठिणग्या पाडल्या. तयार होणारे नायट्रोजनाचे ऑक्साइड क्षाराच्या विद्रावात शोषून घेतले व शेवटी जास्तीचा ऑक्सिजनही काढून टाकला. कितीही वेळ ठिणग्या पाडल्या तरी एक लहान बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनाच्या १/१२० भागाहून अधिक नाही, असे त्यांनी नोंदविले. ही शिल्लक त्यांनी लपविली नाही वा प्रयोगाचा दोष म्हणून पुसूनही टाकली नाही. तथापि तिचे स्वरूप ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते. ते साधन, म्हणजे वर्णपटदर्शक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उपलब्ध झाले. प्रत्येक मूलद्रव्याच्या तापलेल्या वायूच्या प्रकाशात ठराविक जागी तेजस्वी रेषा दिसतात. त्यावरून कोठल्याही अंतरावरील मूलद्रव्य ओळखता येते.

दख्खनमधील ग्रहण, १८६८ : या साधनाची मोठी कसोटी १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी भारतात लागली. ग्रहणाचा खग्रास पट्टा दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्यावरील मछलीपट्टनकडे जात होता. पटवर्धन संस्थानिकांच्या जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापूर येथे कॅप्टन हेग, गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद झूल झांसेन व मेजर टेनंट आणि मछलीपट्टन येथे नॉर्मन पॉग्सन यांनी वेध घेतले. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या व त्या ज्वाला तप्त वायूंच्या, मुख्यतः हायड्रोजनाच्या, आहेत हे स्पष्ट झाले. हर्शेल यांना जमखंडी येथे ढगांच्या अडथळ्यातून तांबडी, केशरी व निळी अशा रेषा दिसल्या. केशरी रेषा सोडियमच्या डी रेषेशी जुळते, असे त्यांना वाटले. ग्रहण नसतानाही या ज्वालांचा वर्णपट पाहता येतो, असे झांसेन यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवून दिले.

हीच युक्ती इंग्लंडमध्ये जोसेफ नॉर्मन लॉक्यर (१८३६–१९२०) यांनी स्वतंत्रपणे योजली व २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांना या रेषा दिसल्या. पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांपासून किंचित दूर, सु. ५८७.६ नॅनोमीटर तरंगलांबीला आहे, हे पुढील निरीक्षणांतून निश्चित झाले. पृथ्वीवरील ज्ञात मूलद्रव्यांपैकी एकाशीही ती जुळेना, तेव्हा लॉक्यर यांनी या अज्ञात मूलद्रव्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हीलियम’ हे नाव दिले. अनेक रसायनशास्त्रज्ञांना पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे अनुमान साशंक वाटत राहिले.

हीलियमाचा शोध लॉक्यर यांनी १८६८ च्या ग्रहणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, अशी समजूत महाराष्ट्रात प्रचलित आहे व किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे त्याचे चिन्ह म्हणून दाखविले जातात. उपलब्ध नोंदींशी ही समजूत जुळत नाही. १८६८ मध्ये लॉक्यर इंग्लंडमध्येच होते. भारतात ते १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी आले, तेव्हा त्यांचा तळ आजच्या केरळमधील बेकल किल्ल्यावर होता. विजयदुर्गला ते खरोखरच आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. म्हणजे पिवळ्या रेषेच्या निरीक्षणानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. किल्ल्यातील चौथरे या मोहिमेशी जोडणे अधिक सुसंगत ठरते. त्याच ग्रहणाचे वेध पुणे येथील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नाएगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले होते. सौर संशोधनाच्या इतिहासात विजयदुर्गचे स्थान त्यामुळे कमी होत नाही; ते १८९८ च्या वर्षाशी निगडित आहे, एवढाच याचा अर्थ.

आर्‌गॉन व हीलियम : कॅव्हेंडिश यांच्या बुडबुड्याचे कोडे एका भौतिकीविज्ञाच्या तराजूने सोडविले. लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) वायूंच्या घनता मोजत असता १८९२ मध्ये त्यांना आढळले की, हवेतून मिळविलेला नायट्रोजन अमोनियापासून मिळविलेल्या नायट्रोजनापेक्षा किंचित जड आहे. पुढील मापनांत एकाच काचगोलात भरलेल्या हवेतील नायट्रोजनाचे वजन २.३१०२ ग्रॅ., तर रासायनिक संयुगांपासून मिळविलेल्याचे २.२९९० ग्रॅ. भरले. फरक ११ मिग्रॅ., म्हणजे सु. १/२०० इतका होता. मापनातील दोषाच्या मानाने तो बराच मोठा होता. फरक कमी करण्याऐवजी प्रयोगाची रीत बदलून तो वाढतो का, हे रॅली यांनी मुद्दाम पाहिले व तो वाढला.

विल्यम रॅम्झी (१८५२–१९१६) यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून वारंवार नेऊन शोषून घेतला. रॅली यांनी कॅव्हेंडिश यांचीच ठिणग्यांची रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. दोघांनाही उरलेला वायू एकच असल्याचे दिसले. वर्णपटात कोठल्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नसलेल्या रेषा मिळाल्या. १३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्ड येथे या नव्या मूलद्रव्याची घोषणा झाली. ते कशाशीच संयोग पावत नसल्याने त्याला आळशी या अर्थाचे ‘आर्‌गॉन’ हे नाव मिळाले. त्याच्या रेणूत एकच अणू आहे, हे त्यातील ध्वनिवेगाच्या मापनावरून कळले. आवर्त सारणीत त्यासाठी जागा नव्हती. त्यामुळे हा नायट्रोजनाचाच तीन अणूंचा प्रकार असावा, असे खुद्द मेंडेलेव्ह यांनाही काही काळ वाटले. एक घन मीटर कोरड्या हवेत सु. ९.३ लिटर आर्‌गॉन असतो. इतका विपुल वायू इतकी वर्षे लपून राहिला, याचे कारण त्याची दुर्मिळता नसून त्याची अक्रियता हे होय.

आर्‌गॉनाच्या शोधात रॅम्झी यांनी मार्च १८९५ मध्ये क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघणारा वायू तपासला. अमेरिकेत विल्यम हिलेब्रँड यांनी असाच वायू आधी मिळविला होता. परंतु तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता. रॅम्झी यांना वर्णपटात आर्‌गॉनऐवजी एक झगझगीत पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रुक्स यांनी तिचे स्थान मोजले, तेव्हा १८६८ मध्ये सूर्याच्या कडेवर दिसलेली तीच ही रेषा असल्याचे ठरले. याच वर्षी हाइन्रिख काइझर यांनी वातावरणातही हीलियम असल्याचे दाखविले. सूर्यावर प्रथम ओळखलेले मूलद्रव्य माणसाच्या श्वासातच होते.

द्रव हवा तयार करण्याची यंत्रे १८९५ च्या सुमारास उपलब्ध झाल्यावर रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स (१८७२–१९६१) यांनी हवेचे भागशः ऊर्ध्वपातन केले व मे ते जुलै १८९८ या अवधीत क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन ही तीन मूलद्रव्ये शोधून काढली. अशा रीतीने आवर्त सारणीत एक संपूर्ण नवा स्तंभ निर्माण झाला. १९०४ मध्ये रॅली यांना भौतिकीचे व रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या संशोधकांचा भारताशी आणखी एक संबंध आला. मुंबईचे उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी योजिलेल्या संशोधन संस्थेसंबंधी सल्ला देण्यासाठी रॅम्झी १९००–०१ मध्ये भारतात आले व त्यांनी संस्थेसाठी बंगलोरची शिफारस केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक म्हणून ट्रॅव्हर्स यांनी काम पाहिले. हवेतील अखेरचे घटक वेगळे करणारे हात पुढे भारतातील विज्ञान संस्थेच्या उभारणीत गुंतले.

हवेचे आजचे चित्र : कोरड्या हवेत घनफळाने नायट्रोजन शेकडा ७८.०८, ऑक्सिजन २०.९५ व आर्‌गॉन ०.९३ असतो. दर दहा लक्ष भागांत निऑन सु. १८, हीलियम सु. ५, क्रिप्टॉन सु. १ भाग असून झेनॉन त्याहूनही बराच कमी असतो. हवेतील नायट्रोजन व आर्‌गॉन यांचा एकत्र विचार केल्यास आर्‌गॉन त्यांच्या सु. १/८५ इतका भरतो. १७८५ ची साधने लक्षात घेता कॅव्हेंडिश यांचा १/१२० हा अंक आश्चर्यकारक रीत्या जवळचा आहे. ब्लॅक यांची ‘बद्ध हवा’ मात्र स्थिर राहिलेली नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दहा लक्ष भागांत सु. २८० भाग असलेला कार्बन डाय-ऑक्साइड, हवाई बेटांतील मौना लोआ येथील सातत्याची मापने १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा सु. ३१५ भाग होता व एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो ४२० भागांपलीकडे गेला आहे. प्रमाणातील इतक्या लहान वाढीने पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हवेच्या शोधाचा इतिहास अशा लहान अंकांचाच आहे. बुडबुड्याएवढ्या शिलकेतून आर्‌गॉन आणि अकरा मिलिग्रॅमच्या फरकातून मूलद्रव्यांचे एक कुल हाती आले. आजही हवेचा हिशेब त्याच काटेकोरपणे ठेवावा लागतो.